सर्वांना सारखेच बेसूर

‘आम्ही पेटी घेतली’ हे वाक्य मुंबईत जरा जपूनच उच्चारावे लागते. पैशांच्या व्यवहारात मुरलेल्या माणसांच्या बोलीत पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी. त्यामुळे मी जिन्यात ही बातमी दिली तेव्हा आमच्या सोसायटीतले एक सभासद एकदम गंभीर झाले आणि आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘कुणाकडून?’’ मी दुकानाचे नाव सांगितले. ‘‘पावती दिली?’’ ‘‘दिली की. जीएसटीसकट.’’ त्या गृहस्थांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की पावती फाडून पेटी घेणारा मनुष्य त्यांच्या उभ्या हयातीत त्यांना भेटला नसावा.

एरवी मराठी माणसाच्या आयुष्यात पेट्या पुष्कळ. आगपेटी, दानपेटी, टपालपेटी, तक्रारपेटी, मतपेटी. या सगळ्या पेट्यांचा एक समान गुण असा, की त्यांत आपण काहीतरी टाकतो आणि मग पुढे बराच काळ काहीही ऐकू येत नाही. तक्रारपेटीच्या बाबतीत तर कधीच ऐकू येत नाही. आपण आत वारा भरावा आणि तिने लगेच सुरात उत्तर द्यावे अशी पेटी एकच, ती म्हणजे बाजाची. म्हणून तर नुसते ‘पेटी’ म्हटले की गाणाऱ्या घरात दुसरा अर्थ कुणाच्या मनात येत नाही.

ही पेटी जन्माने परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ या कारागिराने १८४२ साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. ती पेटी पायाने हवा भरायची, खुर्चीवर बसून वाजवायची. आपण मांडी घालून बसणारे लोक. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले, भाता पाठीमागे नेला आणि तिला जमिनीवर बसवले. डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर. साहेबाची पेटी पाय कापल्यावरच हिंदू झाली, असे आमचे एक मास्तर म्हणत. पुढे भजनात, कीर्तनात, तमाशात, नाटकात ती अशी काही शिरली, की तिचा परदेशी जन्म लोक विसरूनच गेले. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’च्या चाली देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीवालेच.

तिची एक धाकटी चुलतबहीण विलायतेत आहे, कॉन्सर्टिना. षट्कोनी डबी, मधोमध भाता, दोन्ही अंगांना बटणे. ती काढली चार्ल्स व्हीटस्टन यांनी. हो, तेच. ज्यांच्या नावाच्या पुलावर बारावीला अनेकांचे गाडे अडकते, तेच व्हीटस्टन. या बाईच्या दोन जाती आहेत. इंग्लिश जातीत भाता दाबला काय आणि ओढला काय, एका बटणातून एकच सूर निघतो. अँग्लो जातीत तेच बटण भाता दाबताना एक सूर देते आणि ओढताना दुसरा. पैसे उसने नेताना आणि परत मागितल्यावर अशा दोन सुरांत बोलणारी माणसे आपल्या परिचयाची असल्यामुळे हा प्रकार समजायला अवघड नाही. आपली पेटी मात्र एकवचनी. बाहेरचा भाता हवा ढकलतो, आतला भाता ती साठवतो आणि स्प्रिंगांच्या दाबाखाली बेताबेताने सोडतो. म्हणून बाहेरचा हात क्षणभर थांबला तरी आतला सूर तुटत नाही. पगार आणि शिल्लक यांचे नाते याहून सोपे करून कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

आता आमच्याकडे पेटी नव्हती असे नाही. वडिलांची होती. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. कचेरीतून आल्यावर चहा, मग पेटी, मग जेवण असा त्यांचा क्रम होता आणि पाहुणे आले तर चहा टळे, पेटी टळत नसे. नाना जाऊन बरीच वर्षे झाली. पेटी राहिली. तिच्या भात्याला इतकी ठिगळे लागली होती, की मूळ कातडे कुठले हे शोधावे लागे. पण नवी पेटी आणायचे खरे कारण भाता नव्हे. आमची मुलगी गाणे शिकते. तिचा आवाज काळी पाचचा. ती या पेटीशी चार दिवस बसली आणि पाचव्या दिवशी म्हणाली, ‘‘बाबा, ही पेटी बेसूर आहे.’’ घरात क्षणभर शांतता पसरली. नानांच्या पेटीला बेसूर म्हणणे म्हणजे देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला रांगता येत नाही म्हणण्यापैकीच. पण मुलीच्या पिढीला देव्हाऱ्याचे भय नाही. तिने फोनवर सूर मोजून दाखवला. हल्ली फोनवर सूर मोजता येतो. माणसे मोजायची सोय झाली, की बरीच लग्ने वाचतील.

मग आम्ही दुकानात गेलो. पेटीच्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटते, की आपण पेटीची परीक्षा घेणार. प्रत्यक्षात पेटीच आपली घेते. दहा माणसांसमोर, बसायला अर्धे स्टूल, डोक्यावर पंखा, आणि विक्रेता म्हणतो, ‘‘वाजवून बघा ना काका.’’ अशा वेळी जन्मभर वाजवलेले सगळे विसरते आणि बोटांतून निघते ते शाळेतले एकमेव गीत. माझ्या शेजारच्या पेटीवर एक गृहस्थ तेच वाजवत होते. पलीकडचेही तेच. विक्रेत्याचा चेहरा मात्र दगडी होता. त्याला पोटासाठी ते गीत दिवसातून चाळीस वेळा ऐकावे लागत असणार.

पेटी पाहायची कशी याचे काही ठोकताळे आहेत. भाता पूर्ण भरावा, एकही पट्टी दाबू नये आणि पाहावे. आतली हवा टिकली तर पेटी सभ्य, भसकन बसली तर कुठेतरी गळते. मग एकेक पट्टी सावकाश दाबून ऐकावी. दाबल्यावर फुरफुरणारी नको, सोडल्यावर अडकून राहणारी तर त्याहून नको. न बोलावता बोलणारा सूर पेटीत असला काय आणि मंडळाच्या बैठकीत असला काय, मैफलीचा विचका ठरलेला. मग विक्रेता भाषा बदलतो. ‘‘खर्ज-नर देऊ, का खर्ज-नर-मादी?’’ ‘‘साडेतीन सप्तकं?’’ ‘‘कपलर हवा?’’ ‘‘स्केल चेंजर दाखवू?’’ मध्येच आवाज खाली आणून ‘‘सूर पालिताण्याचे आहेत’’ असेही सांगतो. गुजरातेतले पालिताणा हे जैनांचे मोठे तीर्थक्षेत्र. पितळी सुरांमुळे ते पेटीवाल्यांचेही आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळची पेटी असते ते मात्र पालिताणा ऐकून नाक मुरडतात आणि ‘‘आमचे जर्मन सूर आहेत’’ म्हणतात. आजोबांबद्दल एवढ्या अभिमानाने ते एरवी बोलत नाहीत.

पाच पेट्या वाजवून झाल्या आणि माझ्या लक्षात एक गंमत आली. पहिली मला कर्कश वाटली, दुसरी घोगरी, तिसरी उथळ, चौथी जड, पाचवी हलकी. पण कशाच्या मानाने? मी जी मोजपट्टी घेऊन हिंडत होतो ती घरी जाजमाखाली झाकलेली नानांची पेटी. म्हणजे नव्या पेट्यांच्या दुकानात येऊन मी जुनीच शोधत होतो. पुढे विचार करता असे दिसले, की यात माझे काही विशेष नाही. माणूस नवे घर घेताना जुन्या घराची खिडकी शोधतो, नव्या गावात जुन्या गावची भेळ शोधतो. नवे म्हणून आपण जे पसंत करतो ते बहुधा जुन्याचेच जरा धडके रूप असते. शेवटी मुलीने निर्णय घेतला. तिच्या कानात जुनी मोजपट्टी नव्हती. तिने तिसरी पेटी निवडली. उथळ वाटलेली.

पेटी घरी आली आणि सवय करण्याचे पर्व सुरू झाले. ‘सवय होईल’ हे मराठीतले सर्वांत लवचिक वाक्य आहे. नव्या चपलेला, नव्या साहेबाला, नव्या चष्म्याला आणि नव्या सुनेला ते सारखेच लागू पडते. मात्र सवय कुणाला कुणाची व्हायची हे त्यात मोठ्या खुबीने गाळलेले असते. जुन्या पेटीचा भाता गळका, त्यामुळे माझा डावा हात वर्षानुवर्षे स्टोव्हला पंप मारावा तसा चालायचा. तोच हात नव्या पेटीवर चालवला तेव्हा ती अशी गरजली, की शेजारच्यांचे कुत्रे कॉटखाली गेले. पट्ट्या हलक्या. जुन्या पेटीत पट्टीला खाली जायला जरा विनंती करावी लागे. इथे बोट सावलीसारखे पडले तरी सूर हजर. पण हातांचे काय, हात पंधरा दिवसांत वठणीवर आले. कान येईनात. नव्या पेटीचा गांधार मला टोचायचा. काळी एकमध्ये षड्ज धरला, की शुद्ध गांधार जरासा वर, ताठ मानेने उभा. नानांच्या पेटीवर तोच गांधार कसा उशीवर डोके टेकवल्यासारखा बसत असे! मुलगी म्हणे जुनी पेटी बेसूर. माझा कान म्हणे नवी बेसूर. आणि फोन म्हणे नवी अगदी बरोबर.

सहा महिन्यांनी नव्या पेटीचे सूर एकदा बघून घ्यायला एक तरुण कारागीर घरी आला. नवे सूर काही दिवस हलतात, मग स्थिर होतात. सूर लावायची रीत मोठी मजेदार आहे. पितळेची ती बारीक जीभ टोकाशी घासली, की हलकी होऊन सूर चढतो. बुडाशी घासली, की लवचिक होऊन उतरतो. चढवा की उतरवा, पितळ दोन्ही वेळा जातेच. माणसालाही सुधारायचे म्हणून घासत राहिले, की त्याचे असेच होते. काम झाल्यावर त्याची नजर जुन्या पेटीवर गेली. कारागिराला जुनी पेटी दिसली, की वैद्याला जुनाट दुखणे दिसल्यासारखा आनंद होतो. त्याने ती उघडली, दोन-चार सूर वाजवले, फोन लावला आणि म्हणाला, ‘‘अहो काका, ही बिघडलेली नाही. ही गांधार ट्यूनिंगची आहे. काळी एकला षड्ज धरून, कानानं लावलेली. सुरेख काम आहे हो! आता घासायला पितळ उरलं नाही, ते वेगळं.’’ मग जरा थांबून म्हणाला, ‘‘घरात काळी चारमध्ये गाणारं कुणी असलं, तर त्याचे हाल झाले असतील पण.’’

हाल म्हणजे काय ते त्याने समजावून सांगितले, आणि मी तुम्हांला सांगतो. एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचे शंभर भाग करायचे, रुपयाचे पैसे करावे तसे. आजच्या सर्वसाधारण पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, म्हणजे प्रत्येक पट्टी बरोबर एक रुपयाच्या अंतरावर. निसर्गाचा हिशेब तसा नाही. तंबोऱ्यात ऐकू येणारा शुद्ध गांधार षड्जापासून ३८६ पैशांवर आहे, पेटीचा ४०० वर. १४ पैसे चढा. धैवत १६ चढा, कोमल गांधार १६ उतरा. पंचम बिचारा फक्त २ उतरा. षड्ज सोडला तर एकही सूर पूर्ण खरा नाही. हे कारागिराचे पाप नव्हे. बारा शुद्ध पंचम एकापुढे एक रचत गेले, तर सात सप्तकांनंतर आपण मूळ षड्जावर परत यायला हवे. येतो ते सुमारे २३ पैसे पुढे. हिशेब दुसऱ्या मार्गांनीही मांडता येतो, पण वीस-बावीस पैशांची तूट कुठे ना कुठे निघतेच. देवाने जग निर्माण केले तेव्हा जमाखर्च जुळला नव्हता, आणि त्याने वही तशीच मिटली, असे दिसते.

तूट नाहीशी करता येत नाही. ती कुणाच्या अंगावर घालायची, एवढेच माणसाच्या हातात आहे. नव्या पेटीत ती सगळ्या सुरांवर आणि सगळ्या पट्ट्यांत गाणाऱ्यांवर वाटलेली असते. सर्वांना सारखेच बेसूर. नानांच्या पेटीत तसे नव्हते. काळी एकमध्ये गाणाऱ्या माणसाला त्या पेटीत प्रत्येक सूर खरा होता, गांधार उशीवर टेकलेला आणि धैवत तुपात भिजलेला. काळी एकमध्ये गाणारा माणूस म्हणजे अर्थातच नाना. तूट गेली ती जे काळी एकमध्ये गात नव्हते त्यांच्याकडे. काळी पाचवाल्या आमच्या मुलीचा गांधार त्या पेटीत ४२ पैशांनी चढत होता, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी! आणि काळी चारमध्ये गाणाऱ्याचा रिषभ २२ पैशांनी उतरत होता. कारण काळी चारचा रिषभ आणि काळी एकचा धैवत ही एकच पट्टी. नानांचा तो तुपातला धैवत, तोच काळी चारचा उतरलेला रिषभ.

आमची आई काळी चारमध्ये गाते.

तिचे वय आता ८६. लग्नाआधी तिचे थोडे गाणे झाले होते. लग्नानंतर नाना हौसेने पेटीवर बसत आणि तिला गायला सांगत. तिच्या पट्टीत वाजवत. चांगले म्हणायची. पण नाना दर खेपेला सांगत, ‘‘बाकी छान आहे, तुझा रिषभ तेवढा लागत नाही.’’ रागावून नव्हे, काळजीने सांगत. पेटीवरची ती पट्टी धरून पुन्हा पुन्हा म्हणून घेत. आई त्या पट्टीला सूर मिळवायची आणि मग तिचाच पंचम तिला वेगळ्या वाटेने जाताना दिसायचा. पुढे घरात हे वाक्य आमटीत मीठ असावे तसे मुरले. आईचा रिषभ लागत नाही. आई गाताना ती जागा आली, की आवाज बारीक करायची. पुढेपुढे ज्या अभंगांत ती जागा फार येते ते अभंगच म्हणेनाशी झाली. एकच पेटी. पण आईने ‘मी बेसूर’ असा निष्कर्ष काढला आणि नातीने ‘पेटी बेसूर’ असा काढला. दोन पिढ्यांतले अंतर मोजायला मला यापेक्षा नेमके माप सापडलेले नाही.

कारागीर गेल्यावर मी आईला सगळे सांगितले. पैशांचा हिशेब करून सांगितला. ती शेंगा सोलत होती. सगळे ऐकून म्हणाली, ‘‘म्हणजे माझं बरोबर होतं?’’ मी म्हटले, ‘‘पेटीपेक्षा तरी तुझं बरोबर होतं.’’ तिने चार शेंगा सोलल्या. मग म्हणाली, ‘‘पण त्यांचा धैवत काय सुरेख लागायचा रे!’’

आता इथे माझी नीतिशास्त्राची गाडी घाटात अडकली. मला वाटले होते, की निकाल सरळ आहे. एका माणसाच्या सुखासाठी लावलेली पेटी म्हणजे अन्याय, आणि सर्वांना सारखी चिमटा घेणारी पेटी म्हणजे न्याय. आईच्या रिषभाची २२ पैशांची तूट नव्या पेटीत ४ वर आली, मुलीच्या गांधाराची ४२ वरून १४ वर आली. नानांच्या बाजूने पाहिले, तर त्यांचा शून्यावरचा गांधार १४ वर गेला. लोकशाही आहे, सोसावे थोडे. परंतु आई ज्याबद्दल बोलत होती ते या हिशेबात बसत नाही. नव्या पेटीत कुणाचेच फार वाईट होत नाही हे खरे, पण तसा गांधारही कुणाला ऐकू येत नाही. संध्याकाळी तंबोरा आणि पेटी एकजीव होऊन खोली भरून जायची, ते सुख आमच्या घरात होते. आईचा रिषभ त्याची किंमत मोजत होता हे खरे, आणि ते सुख आईनेही ऐकले हेही खरे.

या भांडणात मोठमोठी माणसे पडून गेली आहेत. जॉन फोल्ड्स हे आकाशवाणीवरचे इंग्रज संगीतकार. त्यांनी १९३८ साली पेटीवर कडाडून टीका केली, आणि मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटीला दरवाजाच बंद केला. रवींद्रनाथ ठाकूरही या बंदीच्या बाजूचे. आक्षेप खोटे नव्हते. पेटीला मींड येत नाही, तिचे सूर ठोकळ्यासारखे आहेत, हे पेटीवालाही कबूल करील. पण तूट मिटवायचा हा उपाय म्हणजे घरातली भांडणे मिटावीत म्हणून घरच पाडण्यासारखा झाला. १९७१ साली ती बंदी काही अंशी उठली. मधली तीसएक वर्षे पेटी काय करत होती? देवळात, लग्नात, शिकवणीत आणि आमच्या नानांपुढे निवांत वाजत होती.

दुसरा उपाय सूर वाढवण्याचा. व्हीटस्टन यांच्या इंग्लिश कॉन्सर्टिनात सप्तकाला बारा नव्हे, चौदा सूर होते. दोन जागी एकाऐवजी दोन बटणे, ज्याला जो खरा लागेल तो त्याने दाबावा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमेंट्स नावाचे आयसीएस साहेब यांनी तर श्रुतींची पेटीच करवली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली आणि तिच्यावर पुष्कळ वाद झाला. आपल्या काळात डॉक्टर विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी सिद्ध केली. या सगळ्यांपुढे माझे हात जोडलेले आहेत. मात्र प्रत्येकाचे खरे सूर एकाच घरात ठेवायचे म्हटले, की पट्ट्या वाढतात आणि बोटे तेवढीच राहतात. एकत्र कुटुंबाचे असेच होत असे.

तिसरा उपाय मला चांगल्या साथीदारांकडे पाहताना दिसला. पेटी हलत नाही, गळा हलतो. गाणारा खऱ्या गांधारावर जाऊन बसला, की जाणता साथीदार त्या जागेवर बोट रोवून बसत नाही. तो सूर दाखवतो आणि बोट उचलतो. किंवा भाता इतका मंद करतो, की सूर आहे असे नुसते वाटावे. पेटी खोटी आहे हे त्याला माहीत असते, आणि तिचा खोटेपणा कुठल्या जागी टोचतो हेही माहीत असते. पेटीत न्याय भरून मिळत नाही. भाता हातात असलेल्याने तो जागोजागी द्यावा लागतो. तूट वाटून घेणे हा त्याचा अर्धा भाग झाला. आपल्या वाट्याचा खरा सूर दुसऱ्याच्या गळ्यात खोटा होत असेल तिथे बोट उचलणे हा उरलेला अर्धा.

म्हणून सवय हा सद्‌गुण की शरणागती, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. ज्याला आपली सवय दुसऱ्याला लावण्याची सत्ता आहे, त्याच्या तोंडी ‘सवय होईल’ हे वाक्य शोभत नाही. ज्याला सोसायचे आहे त्याने ते स्वतःशी म्हटले तर तो मोठेपणा, पण आजूबाजूच्यांनी त्याच्यावर तो लादू नये. नाना मोठे प्रेमळ होते आणि त्यांचा कान खरा होता. खरा कान असलेल्या प्रेमळ माणसालाच हे समजणे सर्वांत अवघड जाते, कारण त्याला ऐकू येणारा प्रत्येक सूर बरोबरच असतो.

कारागिराने जाताना विचारले होते, ‘‘नवी पेटी लावून देऊ का एखाद्या पट्टीत? कुठल्या लावू, सांगा.’’ हा प्रश्न मी घरात मांडला. मुलगी म्हणाली, ‘‘काळी पाच.’’ मी गप्प राहिलो, कारण माझा आवाज कुठल्याही पट्टीत लावला तरी फरक पडत नाही. आईने निकाल दिला, ‘‘आहे तशी असू दे. थोडंथोडं सगळ्यांचं चुकू दे. आणि त्यांची विकू नका.’’ त्यामुळे सध्या घरात दोन पेट्या आहेत. सौभाग्यवती विचारतात, की दोन ठेवायच्या कुठे. तत्त्वज्ञानाचे सगळे प्रश्न सुटले, की जागेचा प्रश्न उरतोच.

वाचकांना एवढेच सुचवावेसे वाटते. तुमच्या घरात पेटी असो वा नसो, कुणाच्या तरी पट्टीत ते घर लावलेले असतेच. ते वाईट नाही. घर कुठल्यातरी पट्टीत लावल्याशिवाय वाजतच नाही. फक्त अधूनमधून कान देऊन ऐकावे, की घरातले कोण कुठल्या जागी येऊन आवाज बारीक करते. तूट तिथेच पडलेली असते.